नवतप्यातली परदेशाची फाईल

आंजी, खरांगणा मागं टाकून वर्ध्याची लालपरी आर्वीच्या बसस्थानकात शिरते. घड्याळात साडेदहा, ऊन मात्र बाराचं. मे संपत आलाय, रोहिणी लागलीय, नवतपा सुरू आहे. खिडकीची दांडी हातात धरवत नाही. उतरणारा प्रत्येक जण पायरीवरच थांबतो, दुपट्टा आधी डोक्याला, मग तोंडाला गुंडाळतो आणि मगच खाली पाय टाकतो. मागून आवाज येतो, "चाल नं बावा, आमी इथी भाजून रायलो." कंडक्टर उरलेलं पाणी स्वतःच्या मानेवर ओततो.

बाहेर रसवंतीची घुंगरं वाजताहेत. कृषी केंद्रांसमोर मोटारसायकली आडव्यातिडव्या लागल्यात. कोणत्या वाणाचं बोंड भरतं, कोणत्यावर गुलाबी बोंडअळी आधी बसते, यावर काउंटरपाशी वाद चाललाय. मृगाला अजून अवकाश आहे, आभाळात ढगाचा पत्ता नाही, तरी बियाण्याची पाकिटं पिशवीत पडताहेत. या गर्दीतून वाट काढत मी तहसीलीकडं चालू लागतो.

तहसीलीच्या आवारात कडुनिंबाची सावली आहे, पण ती सकाळीच वाटली गेलीय. निराधारच्या पगारासाठी आलेल्या म्हाताऱ्या, लाडक्या बहिणीच्या कामासाठी आलेल्या बायका, सातबाऱ्याची नक्कल हवी असलेले बाप्ये. सेतू केंद्राच्या खिडकीपुढची रांग पायऱ्या उतरून उन्हात आलीय. रांगेत चपला उभ्या आहेत, माणसं सावलीत बसलीत. कोणाची चप्पल कोणाच्या मागं, हे सगळ्यांना पाठ आहे.

त्यातल्या एका सँडलची मालकीण बुंध्याला टेकून बसलीय. बावीस-तेवीस वर्षांची. मांडीवर निळा प्लास्टिकचा फोल्डर. त्यात दहावीपासूनच्या गुणपत्रिका, टीसी, जातीचा दाखला, वर्ध्याहून आणलेलं जात पडताळणीचं प्रमाणपत्र. फोल्डरला ती वारा घालायला वापरत नाही. बाकी सगळे हातातल्या कागदांनी वारा घेताहेत.

शेजारची बाई बराच वेळ बघते. मग विचारते.

"कायचा दाखला, बाई?"

"उत्पन्नाचा."

"नोकरी लागली का?"

"नाही काकू. शिकाले जायचं आहे. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून रायली."

"नागपूरले?"

"लंडनले."

सावलीतल्या माना वळतात. बाई पदर सावरून सरळ बसते.

"माय! लंडनले जाले आर्वीच्या तहसीलदाराची सही लागते?"

"लागते नं."

हसू फुटतं. एक म्हातारा तंबाखू मळता मळता म्हणतो, "लागूच दे. त्याईले बी समजू दे का आर्वी कुठी हाय." बाईचे प्रश्न मात्र संपलेले नाहीत. जेवायला कोण देईल? थंडीत अंघोळ कशी? तिथं सारे गोरेच असतील ना? पोरगी सांगते, की तिच्या ओळखीची एक ताई गेलीय, तिच्या घरात एक नायजेरियाची आहे, एक चीनची. मग त्या बोलतात कशा? मोडकं इंग्रजी, पोरगी म्हणते. त्यांचंही मोडकं आणि हिचंही मोडकं. बाईला हे पटतं. "मंग जमते. एकीचंच मोडकं असलं म्हणजे तरास."

परदेशातल्या सहजीवनावर मी बरेच जाडजूड लेख वाचलेत. ही अट त्यातल्या कोणी एवढ्या थोडक्यात मांडल्याचं आठवत नाही.

खिडकीतून आवाज येतो, "सर्व्हर डाऊन आहे." कोणी चिडत नाही. चपला जागच्या जागी राहतात. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी वर्षाला 75 जागा आहेत. अख्ख्या महाराष्ट्रातून पंच्याहत्तर. फी सरकार भरतं, राहण्या-जेवण्याला इंग्लंडसाठी वर्षाला 9,900 पौंड आणि इतर देशांसाठी 15,400 डॉलर धरलेत. पोरीला हे आकडे तोंडपाठ आहेत. पण आज तिची लढाई पौंडाशी नाही, सर्व्हरशी आहे.

रस्त्यापलीकडं झेरॉक्सचं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, पीक विमा, आधार लिंक, रेल्वे तिकीट, सगळं आत. कूलर घरघरतो, पण हवा दमट येते. दुकानदार तिशीतला, गावातली पोरं त्याला दादा म्हणतात. तो स्वतः कधी विमानात बसलेला नाही. तरी कोणत्या देशाला कोणता कागद लागतो, फाईल किती केबीची चालते, गुणपत्रिकेवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक पडला तर कुठं अडतं, हे त्याला विचारावं. जर्मनीला जायचं तर एपीएसचं, म्हणजे कागद तपासल्याचं, प्रमाणपत्र 2022 च्या नोव्हेंबरपासून सक्तीचं झालंय, फी 18 हजार, हे तो काचेवर कागद सरळ करता करता सांगतो.

समोर पंचावन्न-साठीचा एक शेतकरी बसलाय. गळ्यात दुपट्टा, खिशात पासबुक. पोराचं इंजिनिअरिंग झालंय, त्याला जर्मनीला एमएस करायचं आहे.

"पोट्ट्यानं सांगतलं, तिथी फी नाही म्हणे."

"सरकारी विद्यापीठात बहुतेक नाहीच काका. पण खर्चाचे पैसे आधी खात्यात दाखवा लागते. वर्षाचे 11,904 युरो."

"म्हणजे किती?"

दादा कॅल्क्युलेटर ओढतो. युरो शंभराच्या आसपास धरतो. अकरा लाख नव्वद हजार. काका आकडा बघतात आणि कॅल्क्युलेटर आपल्याकडं घेतात. आता ते भागाकार करताहेत. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 2025-26 साठी क्विंटलला 8,110 रुपये. उत्तर येतं 146 आणि काही. दीडशे क्विंटल धरा. कोरडवाहूत एकरी सहा-सात क्विंटल आला तर बावीस-तेवीस एकरांचा कापूस, तोही सगळाच्या सगळा, बियाणं-खत-वेचणीचा रुपया न वळता करता.

"माह्याकडं पाच एकर हाय," काका म्हणतात.

"बँक कर्ज देते काका. आन् हे पैसे जात नाही कुठी. त्याचेच असतात. तिथी गेल्यावर महिन्याला 992 युरो करून त्यालेच परत भेटते."

काका मान हलवतात. हो म्हणताहेत की नाही, कळत नाही. मग पासबुकाची झेरॉक्स काढायला सांगतात, म्हणजे बहुधा हो.

संस्कृतीची गोष्ट इथं कोणी काढत नाही. आधी पैसा. परदेशात शिकणाऱ्या भारतीयांचा 2024 चा आकडा केंद्र सरकारनं तेरा लाखांच्या वर सांगितलाय. जर्मनीत 2023-24 च्या हिवाळी सत्रात एकोणपन्नास हजारांवर होते. त्यातल्या कित्येकांच्या फायली अशाच एखाद्या दुकानाच्या काचेवर घासून गेल्या असतील, आणि कित्येक बापांनी युरोला कापसानं, उसानं किंवा पगारानं भागून पाहिलं असेल.

एक वाजतो. रस्ते रिकामे होतात. दुकानांची अर्धी शटरं खाली येतात. भिंतीच्या कडेकडेनं चालत जावं लागतं. सावली फूटभर रुंदीचीच उरलीय. चालताना इथली जुनी रेल्वे आठवते. पुलगाव ते आर्वी ही 35 किलोमीटरची छोटी गाडी 1917 साली सुरू झाली, ती कापसासाठी. इथल्या गाठी पुलगावला, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला, पुढं बोटीनं. गाडी बंद पडून बरीच वर्षं झाली. आता पोरांना मुंबईला व्हिसासाठी जायचं तर आधी एसटीनं वर्धा, मग विदर्भ एक्स्प्रेस.

अभ्यासिकेच्या दारात चपलांचा ढीग. आत पन्नासेक डोकी, पन्नासेक पाण्याच्या बाटल्या, दोन कूलर. बहुतेकांपुढं एमपीएससीची पुस्तकं. पोलीस भरतीवाले पहाटे मैदान मारून आलेत, त्यांचं डोकं पुस्तकावर पडतं आणि पुन्हा उचलतं. परदेशाच्या तयारीतले चार-पाचच. ते ओळखू येतात, कारण त्यांच्या कानात हेडफोन आहेत आणि ओठ हलताहेत. एक जण आयईएल्टीएसच्या रेकॉर्डिंगमधला ब्रिटिश उच्चार ऐकतोय. दुसरा जर्मनच्या ए-वन वर्गाचे धडे मोबाईलवर बघत वहीत देवनागरीत उच्चार लिहितोय. शेजारचा चालू घडामोडी वाचणारा त्याला कोपर मारतो, "हळू बे." तो ओठ मिटतो, पण पुटपुटणं चालूच.

भिंतीवर तसबिरी आहेत. गाडगेबाबा, तुकडोजी महाराज, बाबासाहेब, आणि भाऊसाहेब म्हणजे पंजाबराव देशमुख. चौघांतले दोघे परदेशात शिकून आलेले. बाबासाहेब 1913 मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि मे 1916 मध्ये तिथल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. पंजाबराव तर शेजारचेच. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, तिथल्या पापळचे. 1920 मध्ये विलायतेला गेले, वेदवाङ्मयातल्या धर्मावर डॉक्टरेट केली, बॅरिस्टर होऊन 1926 मध्ये परतले. पुढच्याच वर्षी अमरावतीच्या अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं करा म्हणून ते सत्याग्रहात उभे होते. साता समुद्रापलीकडं जाऊन दोघांनीही इकडचंच वाचलं.

तसबिरीखालच्या टेबलावर बसलेल्या पोरीला मी विचारतो, विषय काय घेणार? तिला भटक्या जमातींच्या शिक्षणावर काम करायचं आहे. मग केंद्राच्या शिष्यवृत्तीत बसणार नाही, ती लगेच म्हणते. तिनं नियम वाचलेत. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या 125 जागा आहेत, पण भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि इथलं समाजजीवन हे विषय घेऊन परदेशात शिकायला त्यातून पैसे मिळणार नाहीत, असं 2022 पासून ठरलं. हे सांगताना तिचा आवाज चढत नाही. पोलीस भरतीवाला झोपलाय, त्याची झोप मोडू नये म्हणून ती हळू बोलतेय. मी तसबिरीकडं बघत नाही.

चारला ऊन तिरपं होतं. एका गल्लीत, एका घरी, चहा. अंगणात पाणी शिंपडलंय, मातीचा वास येतोय. काकूंची मुलगी जर्मनीत एम.एस्सी. करते. काका शिक्षक होते, आता निवृत्त. घड्याळाच्या शेजारी दुसरं घड्याळ लावलंय, साडेतीन तास मागचं. हिवाळ्यात ते साडेचार तास मागं करावं लागतं, हे काकू मला समजावून सांगतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी काटे फिरवायचे.

फोन वाजतो. पडद्यावर स्वयंपाकघर. मुलगी कांदा चिरतेय, मोबाईल मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलाय. मागून एक उंच मुलगी जाते, हात हलवते. काकू इकडून हात हलवतात.

"ते सीरियाची," काकू मला सांगतात. "दुसरी व्हिएतनामची हाय. आन् एक पोट्टा तिथलाच, जर्मन."

"मुलगा? एकाच घरात?"

"एकाच. मीबी असंच विचारलं होतं."

मुलगी हसते. हे तिनं कितीदा ऐकलं असेल. ती मोबाईल उचलून फ्रिजपाशी नेते. दारावर कागद चिकटवलाय. चार नावं, आठवड्यांचे चौकोन. या आठवड्यात कचरा कोणाकडं, स्वयंपाकघर कोणाकडं, संडास-बाथरूम कोणाकडं. पुट्झप्लान म्हणतात याला. मुलगी तो शब्द आता पुसायच्या फडक्याइतक्या सहज उच्चारते. रात्री दहानंतर आवाज नाही. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी भाजी आणून ठेवायची. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की पंचवीस सेंट परत.

काकू कागदावरच्या एका चौकोनावर बोट ठेवतात. "हे पाय. या आठवड्यात संडास हिच्याकडं."

मग थांबतात. चहाचा कप सरकवतात.

"आपल्या घरी कधी कराची नाही. इथी बाई येते नं. पहिल्यांदा तिनं सांगतलं तवा मी रडली. म्हटलं, याच्यासाठी पाठवलं का तुले?"

"आता?"

"आता का. जर्मन पोट्टा बी धुते. तो काय कमी हाय का कोणापेक्षा."

घरात येणारी बाई अजून येते की नाही, हे मी विचारत नाही. काकूच सांगतात. येते. भांडी करते. संडासाचं काम मात्र आता काकू तिला सांगत नाहीत. का, ते त्या सांगत नाहीत, आणि काका वर्तमानपत्र उलटतात.

पलीकडं फोडणी पडते. मुलीला मी विचारतो, तिथं गेल्यावर सर्वांत अवघड काय गेलं? थंडी म्हणेल, भाषा म्हणेल असं वाटतं. ती वेगळंच सांगते. पहिल्या महिन्यात भारतीय विद्यार्थ्यांचा एक मेळावा होता. तिथं महाराष्ट्रातलाच एक जण भेटला. नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव, मग पुन्हा, 'म्हणजे तुम्ही नेमके कोण?' घरातल्या तिघांपैकी कोणाला आडनावावरून काही कळत नाही. त्यांना ती कोण हे पहिल्यापासून सांगावं लागलं: कापूस काय असतो, वर्धा कुठं, मराठी आणि हिंदी वेगळ्या कशा, जात म्हणजे काय. व्हिएतनामच्या मुलीनं विचारलं, "मग तू वरची की खालची?" मुलीकडं याचं उत्तर तयार होतं. पण ते उत्तर मोठ्यानं उच्चारायची तिची ती पहिलीच वेळ, आणि तिला स्वतःचा आवाज आवडला नाही.

अमेरिकेतल्या सिएटल शहरानं 2023 मध्ये जातीवरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी घातली. तिथवर आपली जात पोचली होती म्हणूनच. विमानात सामानाला तेवीस किलोंची वगैरे मर्यादा असते, जातीला नसते.

सीरियाच्या मुलीचा विषय निघतो. रमजानच्या महिन्यात ती पहाटे उठायची. स्वयंपाकघर मुलीच्या खोलीला लागून. सुरुवातीला झोपमोड व्हायची, मग ही पण उठू लागली. चहा करून द्यायची. संध्याकाळी रोजा सोडताना चौघं टेबलावर. काकूंना सगळं माहीत आहे: आधी खजूर, मग पाणी, मग सूप. बाजारात चांगला खजूर दिसला की त्या आठवणीनं घेऊन ठेवतात, कोणी जाणारं असलं तर पाठवायला.

"आपल्या आर्वीतच किती घरं हायेत मुसलमानांची," काका वर्तमानपत्राआडून म्हणतात. शाळेत त्यांचे विद्यार्थी होते. ईदला शिरखुर्मा डब्यातून घरी यायचा. "पण रोजा कसा सोडते ते आमी जर्मनीतून पायलं."

फोन ठेवायच्या आधी काकू सांगतात, लोणचं संपलं तर सांग. पलीकडून सीरियाची मुलगी ओरडते. काय ते मला कळत नाही. काकूंना कळतं. "तिले बी पायजे," त्या म्हणतात.

सहा वाजता बाजाराचा चौक जागा होतो. टपरीवर बाकडं, बाकड्यावर चार पोरं. एक जण किरगिझस्तानातून एमबीबीएस करून आलाय. आता इथली स्क्रीनिंग परीक्षा द्यायची आहे, 300 प्रश्न, 150 बरोबर आले तर पास. एकदा हुकली. दिवसभर घरात अभ्यास, संध्याकाळी अर्धा तास इथं. दोस्त त्याला डॉक्टर म्हणतात; तो दर वेळी "अजून नाही बे" म्हणतो.

मी विचारतो, तिथले लोक कसे?

तो प्रामाणिक आहे. "खरं सांगू का? मले तिथले लोक फार माहीतच नाही. होस्टेलात सारे इंडियन. मेस इंडियन. वर्ग इंग्रजीत. सकाळी बसनं कॉलेज, संध्याकाळी बसनं होस्टेल. मले केरळ लय समजलं बाप्पा. माहा रूममेट तिथला. मल्याळम शिव्या साऱ्या येते मले. हरियाणा समजला. किरगिझ नाही समजला."

बाकडं हसतं. तोही हसतो, पण वाक्य मागं घेत नाही. आर्वीच्या पोराला केरळ भेटावं म्हणून किरगिझस्तानातल्या बिश्केकला जावं लागलं, यात नवल वाटण्यासारखं काही नाही. एरवी ते त्याला कुठं भेटलं असतं? पण परदेशी राहिलं म्हणजे परका माणूस आपोआप कळतो, असं जे माहितीपत्रकांत छापतात त्याचं काय करायचं? मे 2024 मध्ये बिश्केकमध्ये जमावानं परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले. याच्या होस्टेलनं दारं आतून लावली. दिवे मालवून पोरं बसून राहिली. "तवा समजलं, का त्याईले बी आमी माहीत नाही."

चहाचा दुसरा कट येतो. तेव्हा त्याला एक गोष्ट आठवते. शेवटच्या दोन वर्षांत वॉर्डात जावं लागायचं. पेशंट रशियन किंवा किरगिझ बोलणार, म्हणून ही पोरं कामापुरतं रशियन शिकलेली: कुठं दुखतं, कधीपासून, श्वास घ्या. एक म्हातारी बरेच दिवस भरती होती. तिच्या घरून गोल भाकरी यायची, ती याला अर्धी द्यायची. एकदा यानं ती स्टुलावर उपडी ठेवली. म्हातारी कण्हत उठली, भाकरी सुलटी केली, पुन्हा आडवी झाली. बोलली काही नाही.

"तिथी भाकर उपडी ठेवत नाही. नंतर नर्सनं सांगतलं. आपल्याकडं अन्नाले पाय लागला त पाया पडते नं, तसंच. माह्या आजीनं बी असंच केलं असतं." कप खाली ठेवून तो उठतो. "चला, मेडिसिन बाकी हाय."

वर्ध्याच्या टेकडीवरच्या हिंदीच्या केंद्रीय विद्यापीठात उलटी वाहतूकही चालते. चीन, थायलंडकडची पोरं तिथं हिंदी शिकायला येतात. वर्ध्यात त्यांना भाजीवाली हिंदीतच भाव सांगते, आणि ती हिंदी पुस्तकातली नसते. टपरीवरचा एक जण त्या भागात खोली करून राहिलेला. तो म्हणतो, ते लोक पोहे लय खाते. एवढंच. समोर राहूनही त्याला त्यांच्याबद्दल इतकंच ठाऊक आहे, आणि यात त्याला काही वावगं वाटत नाही.

साडेआठ. लाईन गेलीय. अभ्यासिका आतून तापलेली, म्हणून सगळे गच्चीवर. फरशीवर बादलीभर पाणी टाकलंय, ते सुकतंय. मोबाईलचे दिवे. कडेला भटक्या जमातींवर काम करू म्हणणारी ती मुलगी आणि तिची मैत्रीण बसल्यात. अर्जासोबत हजार शब्दांचा हेतूचा निबंध जोडायचा असतो. तो त्यांनी इंग्लंडमधल्या एका ताईला पाठवलाय. ताई मूळची यवतमाळ जिल्ह्यातली, अशीच शिष्यवृत्ती घेऊन गेलेली. अशी साखळी असते. वर गेलेला खालच्याला ओढतो, फुकट, रात्री उशिरा. फोन स्पीकरवर आहे. आवाज तुटत येतो.

"दुसरा परिच्छेद काढ."

"कोणता, ताई?"

"मला जगातल्या विविध संस्कृती समजून घ्यायच्या आहेत, तो. सारेच लिहितात. वाचणारा कंटाळते."

"मंग काय लिहू?"

"तुया गावातली कोणती माणसं तुले समजत नाही, ते लिही."

मुलगी गप्प. मैत्रीण तिच्याकडं बघते. खालून कोणी तरी लाईनमनला शिव्या देतंय.

"पारधी बेडा," मुलगी शेवटी म्हणते. "नववीत माह्या बाजूले बेड्यावरची पोरगी बसे. गणित तिचं माह्यापेक्षा चांगलं. दहावीत आलीच नाही."

"मंग?"

"मंग काही नाही. विचाराले बी गेली नाही मी. घरचे म्हणे, तिकडं कायले जाते."

"हे निबंधात कुठी आहे?"

"नाही."

"काहून नाही?"

"हे लिहिलं त मले घेतीन का ताई? माहीच चूक दिसते नं त्याच्यात."

फोनवर खरखर. मग आवाज येतो. "घेतीन का नाही ते मले माहीत नाही. मी काही गॅरंटी देत नाही. पण तुले तिथी जाऊन याच्यावरच काम कराचं आहे नं? किती शब्द होते?"

"आठशे चाळीस. तो परिच्छेद काढला त सातशे दहा."

"मंग दोनशे नव्वद आहेत. त्या पोरीचं नाव काय होतं, तिथून सुरू कर. आन् उद्या रात्रीपर्यंत पाठव, परवा माही ड्यूटी आहे."